मॅडिसनचा आवाज : एका विद्यापीठाच्या रेडिओ केंद्राची गोष्ट

रेडिओचा शोध कोणी लावला, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. मार्कोनी, जगदीशचंद्र बोस, हर्ट्झ ही नावे विद्यार्थ्यांना पाठ असतात. पण रेडिओ कोणासाठी, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. विद्युतचुंबकीय लहरी सर्वत्र सारख्याच पसरतात. श्रीमंताच्या बंगल्यावर पडतात तशाच झोपडीवरही पडतात. मात्र त्या लहरींवर स्वार होऊन काय जावे, हे निसर्ग ठरवत नाही. ते माणसेच ठरवतात.

अमेरिकेत हा प्रश्न १९२० च्या सुमारास प्रथम उभा राहिला आणि त्याची दोन उत्तरे दिली गेली. पहिले उत्तर जाहिरातदारांचे होते. दुसरे उत्तर काही विद्यापीठांनी दिले. त्यांपैकी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या केंद्राचा इतिहास शिक्षकांनी जरूर जाणून घ्यावा असा आहे, कारण त्यात भौतिकशास्त्र आहे, शिक्षणशास्त्र आहे आणि थोडे राजकारणही आहे.

विद्यापीठाची हद्द कुठपर्यंत?

विस्कॉन्सिन हे अमेरिकेच्या उत्तर भागातील, मिशिगन सरोवराच्या काठचे राज्य. क्षेत्रफळाने ते महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे मोठे आहे. हा मुलूख दुभत्या गाईंचा, चीजचा आणि लांबलचक हिवाळ्याचा. राजधानी मॅडिसन, आणि विद्यापीठही तेथेच.

विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स व्हॅन हाइस हे भूशास्त्रज्ञ या विद्यापीठाचे अध्यक्ष होते. राज्यातील प्रत्येक कुटुंबाला विद्यापीठाचा उपयोग झाला पाहिजे, तोवर आपले काम पुरे झाले असे मानता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ती ‘विस्कॉन्सिन कल्पना’ या नावाने प्रसिद्ध झाली. विद्यापीठाची हद्द म्हणजे राज्याची हद्द, असे तिचे थोडक्यात सार.

ही कल्पना नुसती भाषणापुरती नव्हती. याच विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्याची एक सोपी पद्धत शोधून काढली. दुधात सल्फ्युरिक आम्ल घालून नमुना यंत्रात गरगर फिरवला की स्निग्धांश वेगळा होऊन नळीच्या मानेत येतो आणि तेथील खुणांवरून तो मोजता येतो. त्यामुळे दुधात पाणी घालणारा आणि चांगले दूध घालणारा यांना एकच भाव मिळणे बंद झाले. बॅबकॉक यांनी या पद्धतीचे एकस्व घेतले नाही. ती सर्वांसाठी खुली ठेवली. रेडिओ केंद्राची गोष्ट समजून घ्यायची तर ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली पाहिजे. ज्ञान निर्माण करणे हे विद्यापीठाचे निम्मे काम, आणि ते गोठ्यापर्यंत पोचवणे हे उरलेले निम्मे, असे मानणारी ही संस्था होती.

घंटेचा टोला आणि सनईचा सूर

१९१४ मध्ये तेथील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक एडवर्ड बेनेट यांनी बिनतारी प्रयोगांसाठी परवाना मिळवला. केंद्राला संकेतनाम मिळाले ‘नऊ-एक्स-एम’. यातील नऊ म्हणजे देशाचा नववा रेडिओ विभाग आणि एक्स म्हणजे प्रायोगिक. पुढच्याच वर्षी परवाना विद्यापीठाच्या नावे झाला आणि सूत्रे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्ल टेरी यांच्याकडे आली.

त्या काळचे बहुतेक प्रेषक ठिणगीवर चालत. दोन धातूच्या टोकांमधून ठिणगी उडाली की मंडलात विद्युत आंदोलने निर्माण होतात आणि अँटेनामधून लहर बाहेर पडते. पण ही लहर टिकत नाही. घंटेवर टोला मारला की आवाज मोठा निघतो आणि विरत जातो, तसेच तिचे होते. असे टोले लांब आणि आखूड मारून मोर्सच्या कट्‌-कड्ड भाषेत निरोप पाठवता येतो. माणसाचा आवाज मात्र पाठवता येत नाही.

आवाज पाठवण्यासाठी न विरणारी, अखंड लहर हवी. सनई वाजवताना एक वादक सतत एकच सूर धरून ठेवतो आणि दुसरा त्यावर राग मांडतो. तसाच अखंड सूर येथे लागतो. त्या वाहक लहरीची उंची आवाजाच्या चढउताराप्रमाणे कमी-जास्त केली की आवाज तिच्यावर बसून प्रवास करतो. यालाच आपण आयाममूर्छन म्हणतो.

असा अखंड सूर देणारे साधन म्हणजे तीन अग्रांची निर्वात नलिका. तापलेल्या तंतूतून इलेक्ट्रॉन निघतात आणि धन पट्टीकडे धावतात. मध्ये बसवलेली जाळी त्यांना कमी-जास्त अडवते. जाळीवरच्या किंचित बदलाने पट्टीकडील प्रवाहात मोठा बदल होतो. या मोठ्या बदलाचा काही अंश परत जाळीकडे आणला की नलिका स्वतःच आंदोलने करत राहते.

आज या गोष्टी पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेदांत संपतात. टेरी यांच्या वेळी प्रेषणाला पुरेल एवढ्या ताकदीची नलिका बाजारात सहज मिळत नव्हती. म्हणून ते आणि त्यांचे विद्यार्थी नलिका प्रयोगशाळेतच बनवत. काच फुंकायची, तंतू, जाळी आणि पट्टी आत बसवायची, हवा उपसून काढायची आणि तोंड वितळवून बंद करायचे, ही सारी कामे हाताने होत. नलिका जळून गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या कामात त्यांचा उजवा हात होता माल्कम हॅन्सन हा विद्यार्थी. हाच हॅन्सन पुढे १९२८ ते १९३० च्या बर्ड यांच्या अंटार्क्टिका मोहिमेत मुख्य बिनतारी तंत्रज्ञ होता.

हवामानाचा अंदाज शिळा होतो

नलिका तयार होण्याआधीच केंद्राने एक काम हाती घेतले होते. डिसेंबर १९१६ पासून ते रोज हवामानाचा अंदाज मोर्सच्या भाषेत प्रक्षेपित करू लागले. तोवर अंदाज शेतकऱ्यांना टपालाच्या कार्डाने कळत. कार्ड पोचेपर्यंत पाऊस पडूनही गेलेला असे. कापून वाळत घातलेले गवत भिजले तर हिवाळ्यात गाईंना काय घालायचे, हा त्या शेतकऱ्यापुढचा प्रश्न होता. अंदाज हा दुधासारखाच नाशवंत माल आहे. तो वेळेवर पोचला तरच उपयोगाचा.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि देशातील खासगी बिनतारी केंद्रे बंद करण्याचा हुकूम निघाला. नऊ-एक्स-एमला मात्र चालू राहण्याची परवानगी मिळाली, कारण नौदलाला या प्रयोगांत रस होता. शिकागोच्या उत्तरेस ग्रेट लेक्स येथे नौदलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. मॅडिसनपासून ते सुमारे दीडशे किलोमीटर दूर. त्याच्याशी संदेशांची देवाणघेवाण चालू राहिली आणि १९१९ च्या आरंभी बोललेला आवाज तेथे स्पष्ट ऐकू जाऊ लागला. ३ जानेवारी १९२१ पासून हवामानाचा अंदाज रोज माणसाच्या आवाजात दिला जाऊ लागला. आता मोर्सची भाषा न शिकलेल्या शेतकऱ्यालाही तो कळणार होता. १३ जानेवारी १९२२ रोजी केंद्राला ‘डब्ल्यू-एच-ए’ हे कायमचे संकेतनाम मिळाले आणि ते आजही तेच आहे.

पहिले कोण?

विद्यापीठाच्या आवारात एक स्मृतिफलक आहे. त्यावर हे देशातील सर्वांत जुने केंद्र असल्याचा दावा केलेला आढळतो. दुसरीकडे २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगणारे पिट्सबर्ग येथील ‘के-डी-के-ए’ हे केंद्र पहिले, असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. मग खरे काय?

उत्तर आपण ‘केंद्र’ कशाला म्हणतो यावर अवलंबून आहे. मोर्समधील प्रक्षेपण धरायचे, की फक्त आवाजाचे? एकदा केलेला प्रयोग धरायचा, की ठरलेल्या वेळी रोज होणारा कार्यक्रम? प्रायोगिक परवाना चालेल, की नियमितच हवा? प्रत्येक कसोटीला वेगळे केंद्र पहिले ठरते. फलकावर १९१७ आणि १९१९ ही वर्षे कोरली आहेत. आवाजात नियमित कार्यक्रम कधी सुरू झाले, याची कागदोपत्री साक्ष मात्र १९२१ च्या जानेवारीची आहे. ‘पहिला’ हा शब्द दिसला की आधी व्याख्या मागावी आणि मग पुरावा मागावा, हे विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. आम्हांला विचाराल तर, कोण आधी सुरू झाले यापेक्षा कोण टिकले आणि का टिकले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

दोनशेतले चाळीस

१९२० नंतर अमेरिकेत अनेक महाविद्यालये आणि विद्यापीठे रेडिओ चालवू लागली. १९२१ ते १९३६ या काळात शिक्षणसंस्थांना दोनशेच्या आसपास परवाने दिले गेले. १९३७ च्या आरंभी त्यांतले जेमतेम चाळीस शिल्लक होते. बाकीची केंद्रे कुठे गेली?

त्यांना कोणी बंदीहुकूम काढून बंद केले नाही. १९२७ च्या कायद्याने केंद्रीय रेडिओ आयोग स्थापन झाला. त्याच्यापुढे खरी अडचण होती. उपलब्ध वारंवारता थोड्या होत्या, केंद्रे फार होती आणि ती एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळत होती. १९२८ मध्ये आयोगाने साऱ्या वारंवारतांची फेरवाटणी केली. चांगली उपकरणे, अधिक शक्ती आणि दिवसभर कार्यक्रम ज्यांच्याकडे असतील त्यांना झुकते माप मिळाले. हे सारे पैसेवाल्या व्यापारी केंद्रांकडे होते. महाविद्यालयाच्या वाट्याला दुपारचे दोन तास, किंवा दुसऱ्या केंद्राबरोबर वाटून घेतलेली वारंवारता आली. त्यात मंदी आली. वॉशिंग्टनला सुनावणीसाठी वकील पाठवणेही अनेकांना परवडेना. एकेकाने परवाना विकला किंवा परत केला.

बिनव्यापारी संस्थांसाठी एकूण वारंवारतांपैकी चतुर्थांश राखून ठेवाव्यात, अशी दुरुस्ती १९३४ मध्ये सिनेटपुढे आली होती. ती फेटाळली गेली.

अर्ल टेरी हा निकाल पाहायला नव्हते. १९२९ मध्येच त्यांचे निधन झाले. तरी त्यांचे केंद्र टिकले. याची कारणे आमच्या मते दोन. पहिले कारण म्हणजे ते केवळ एका विभागाचे खेळणे राहिले नव्हते. विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाचे विल्यम लाइटी यांनी आरंभापासून कार्यक्रमांची बाजू सांभाळली होती. कृषी महाविद्यालय शेतकऱ्यांशी बोलत होते, गृहशास्त्राचा विभाग गृहिणींशी. स्टीव्हन्स पॉइंट येथील राज्याच्या पणन खात्याचे केंद्रही बाजारभाव देत होते आणि दोन्ही केंद्रे पुढे जोडीने कार्यक्रम करू लागली. ज्याला रोज भाव कळतो, तो शेतकरी केंद्र बंद पडू देत नाही. दुसरे कारण विश्वासाचे. १९३२ च्या निवडणुकीत या केंद्रांनी लहानमोठ्या सर्व पक्षांना विनामूल्य वेळ दिला. सरकारी पैशावर चालणारा रेडिओ सत्ताधाऱ्यांचा भोंगा नसतो, हे तेथील नागरिकांना स्वतःच्या कानांनी कळले.

हवेतील शाळा

१९३१ मध्ये हॅरल्ड मॅकार्टी केंद्राचे संचालक झाले आणि त्याच वर्षी ‘विस्कॉन्सिन स्कूल ऑफ द एअर’, म्हणजे हवेतील शाळा, सुरू झाली. विस्कॉन्सिनच्या ग्रामीण भागात तेव्हा हजारो एकशिक्षकी शाळा होत्या. एकच खोली, एकच बाई आणि आठही इयत्तांची मुले. एकशिक्षकी शाळेत काम केलेल्या आपल्या वाचकांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. गणित आणि वाचन कसेबसे उरकायचे. संगीत, चित्रकला, निसर्गनिरीक्षण हे विषय वेळापत्रकात असले तरी वर्गात नसायचे.

नेमके हेच विषय रेडिओने उचलले. एडगर गॉर्डन हे संगीताचे प्राध्यापक रेडिओवरून गाणे शिकवत. त्यांच्या पुढ्यात मुले नसत, पण ते मुले समोर आहेत असे समजून थांबत, त्यांना म्हणायला लावत आणि पुढे जात. वसंत ऋतूत ठिकठिकाणची मुले मॅडिसनला जमत आणि वर्षभर वेगवेगळ्या खोल्यांत शिकलेली तीच गाणी प्रथमच एकत्र गात. वेकलिन मॅकनील हे ‘रेंजर मॅक’ या नावाने मुलांना रानावनाची ओळख करून देत. त्यांच्या कार्यक्रमाला १९४२ सालचा पीबॉडी पुरस्कार मिळाला.

सर्वांत नवल वाटते ते १९३६ मध्ये सुरू झालेल्या चित्रकलेच्या तासाचे. जेम्स श्वालबाख रेडिओवरून चित्रकला शिकवत. न दिसणाऱ्या माध्यमातून चित्रे कशी शिकवणार, असे कोणालाही वाटेल. पण फळ्यावरचे चित्र उतरवून घेणे म्हणजे चित्रकला, असे मानले तरच ही अडचण येते. येथे मुलांना गोष्ट ऐकवली जाई, संगीत ऐकवले जाई आणि मग मनात जे उमटले ते कागदावर काढायला सांगितले जाई. समोर नमुनाच नसल्याने नक्कल करण्याची सोय नव्हती. माध्यमातील उणीवच येथे पद्धतीचे बळ ठरली.

या शाळेचे यश एकट्या रेडिओचे नव्हते. शिक्षकांना कार्यक्रमाआधी मार्गदर्शिका टपालाने पाठवल्या जात. कार्यक्रमापूर्वी काय बोलावे, नंतर कोणती कृती करून घ्यावी, हे त्यांत दिलेले असे. रेडिओ वर्गात शिक्षकाची जागा घ्यायला आला नव्हता. तो शिक्षकाला आणखी एक हात देत होता. १९३७ पासून विद्यापीठाने या शाळेचा शास्त्रशुद्ध अभ्यासही करवून घेतला आणि १९४२ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. आपलाच उपक्रम मोजपट्टीखाली ठेवण्याची ही तयारी विद्यापीठालाच शोभणारी होती.

सूर्यास्ताचे बंधन

एवढे सगळे असूनही या केंद्राला एक चमत्कारिक बंधन होते. अंधार पडला की त्याला गप्प बसावे लागे. हिवाळ्यात तेथे दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. शेतकरी गोठ्यातून घरात येऊन बसायचा आणि नेमका तेव्हाच त्याचा रेडिओ बंद व्हायचा. हा नियम नुसता खोडसाळ नव्हता. त्यामागे भौतिकशास्त्र आहे.

डब्ल्यू-एच-ए आज ९७० किलोहर्ट्झ या मध्यम लहरींच्या वारंवारतेवर आहे. तिची तरंगलांबी सुमारे ३०९ मीटर भरते. अशा लहरी दोन वाटांनी जातात. काही जमिनीला धरून पसरतात, काही आकाशाकडे जातात. साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा सर्वांत खालचा थर आहे. दिवसा सूर्यप्रकाशाने तेथील रेणूंचे आयनीभवन होते आणि वर जाणाऱ्या मध्यम लहरी तेथेच शोषल्या जातात. सूर्य मावळला की हा थर जवळजवळ नाहीसा होतो. लहरी मग आणखी वर जातात, दोनअडीचशे किलोमीटरवरील थरापासून परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. तेथे त्याच वारंवारतेवर दुसरे केंद्र असेल तर दोघांचाही गोंधळ होतो. म्हणून काही केंद्रांना फक्त दिवसाचा परवाना मिळे. रात्र व्यापारी केंद्रांना आणि दिवस विद्यापीठाला, ही वाटणी मात्र निसर्गाने केलेली नव्हती, हे विसरू नये.

ही कोंडी फुटली ती नव्या तंत्राने. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये वारंवारतामूर्छनाची, म्हणजे एफ.एम.ची एकस्वे मिळवली. यात लहरीची उंची कायम राहते आणि वारंवारता बदलते, त्यामुळे विजेची खरखर फारशी ऐकू येत नाही. १९४५ मध्ये अमेरिकेत एफ.एम. पट्ट्याचा सुरुवातीचा भाग, ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ, बिनव्यापारी शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवला गेला. १९३४ मध्ये जे नाकारले गेले होते, ते नव्या पट्ट्यात अंशतः पदरात पडले.

एफ.एम.च्या लहरी जेमतेम तीन मीटर लांबीच्या. त्या आयनांबरातून आरपार निघून जातात आणि जमिनीवर जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून रात्रीचा गोंधळ नाही, पण पल्लाही मर्यादित. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि ४.१२ ने गुणावे, म्हणजे क्षितिजापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. १०० मीटर उंचीला सुमारे ४१ किलोमीटर, ४०० मीटरला सुमारे ८२. पल्ला दुप्पट करायचा तर उंची चौपट हवी. हे गणित नववी-दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावे.

यावर उपाय एकच. टेकड्या शोधायच्या आणि केंद्रांची साखळी उभारायची. १९४५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्यासाठी रेडिओ मंडळ स्थापन केले. १९४७ मध्ये मॅडिसनचे एफ.एम. केंद्र सुरू झाले, १९४८ मध्ये डेलाफील्डचे, आणि रिब माउंटनसारखी उंच ठिकाणे गाठत १९५२ पर्यंत आठ केंद्रांची साखळी पुरी झाली. व्हॅन हाइस म्हणाले होते ती राज्याची हद्द विद्यापीठाच्या आवाजाने आता रात्रीही गाठली.

राज्यातून देशात

१९६७ मध्ये अमेरिकेत सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला आणि केंद्र सरकारचा पैसा अशा केंद्रांना मिळू लागला. १९७० मध्ये ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’ ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले कार्यक्रम संचालक बिल सीमरिंग हे विस्कॉन्सिनचेच. विद्यार्थिदशेत त्यांनी डब्ल्यू-एच-एमध्ये काम केले होते. ३ मे १९७१ रोजी सुरू झालेल्या ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ या बातम्यांच्या कार्यक्रमाला त्यांनी वळण दिले. १९७९ मध्ये विस्कॉन्सिनच्या साऱ्या जाळ्याला ‘विस्कॉन्सिन पब्लिक रेडिओ’ हे नाव मिळाले.

पण येथेही गोष्ट सुखान्त होऊन थांबत नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. दोन वर्षांचा तो निधी होता. १९६७ च्या कायद्याने जन्मलेल्या प्रसारण महामंडळाने पुढच्याच महिन्यात काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतील केंद्रांना श्रोत्यांच्या देणग्या असतात. खरा फटका बसतो तो विरळ वस्तीतील लहान केंद्रांना. १९३० च्या दशकातला प्रश्न नव्वद वर्षांनी पुन्हा दारात उभा आहे.

आपल्याकडे

भारतात रेडिओ बराच काळ केवळ सरकारचा होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना स्वतःचे केंद्र चालवण्याची वाट खुली झाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. त्यानंतर पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ आले. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाने मिळू लागले. या केंद्रांना शक्तीची मर्यादा आहे आणि २००६ च्या धोरणाने अँटेनाची उंची साधारण ३० मीटरपर्यंत ठेवली. वरचे सूत्र वापरून पाहा. क्षितिज सुमारे साडेबावीस किलोमीटरवर येते, आणि कमी शक्तीमुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी क्षेत्रात कार्यक्रम नीट ऐकू येतो. स्वतःची बातमीपत्रे त्यांना देता येत नाहीत.

तरीही आपल्याजवळ एक जुना ठेवा आहे. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली होती. लोक जमून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करत. नुसता रेडिओ असलेल्या गावांशी आणि रेडिओ नसलेल्या गावांशी तुलना केली, तेव्हा चर्चामंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात अधिक भर पडलेली दिसली. विस्कॉन्सिनच्या एकशिक्षकी शाळेतल्या अनुभवाशी हे ताडून पाहावे. लहर माहिती घेऊन येते, पण ती माहिती कोणीतरी उतरवून घ्यावी लागते. त्यासाठी दुसऱ्या टोकाला शिक्षक लागतो, किंवा पारावर जमलेली दहा माणसे लागतात.

शिक्षकांसाठी एक कृती सुचवून थांबतो. घरात मध्यम लहरींचा जुना रेडिओ असेल तर मुलांना एकाच ठिकाणी बसून दुपारी बारा, सायंकाळी सहा आणि रात्री नऊ वाजता काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगावे. प्रत्येक वेळी किती केंद्रे लागली, त्यांची भाषा कोणती, आवाज स्थिर होता की कमीजास्त होत होता, याचा तक्ता आठवडाभर ठेवावा. आयनांबराचा खालचा थर रोज संध्याकाळी कसा विरतो, हे त्या तक्त्यावरून दिसेल. तक्ता पुरा झाला की वर्गात एवढेच विचारावे : या सगळ्या आवाजांपैकी आपल्या गावाच्या उपयोगाचे कोणते, आणि तसा आवाज आपण काढायचा ठरवले तर पहिल्या दिवशी काय सांगू? मॅडिसनच्या मंडळींनी हवामानापासून सुरुवात केली होती.